दीड तासात न सुटलेलं

परीक्षा सगळ्यांना सारखी असली की झालं, असं श्यामला आगाशे मनापासून मानायची.

खराडीतल्या त्या कंपनीत ती लागली तेव्हा माणसं घ्यायची तऱ्हा वेगळी होती. कुणी साहेबांचा भाचा असायचा, कुणी साहेबांच्या कॉलेजातला, आणि कुणाचं इंग्रजी ऐकूनच समोरचा खूश होऊन जायचा. कंपनी ट्रकांच्या फेऱ्या आणि गोदामातला माल यांची आखणी करून देणारं सॉफ्टवेअर बनवायची. काम किचकट होतं, आणि ते करणारे अर्धे लोक ओळखीवर आलेले. श्यामलाने दोन वर्षं भांडून ही तऱ्हा मोडली आणि कोडिंग टेस्ट आणली. तीन प्रश्न, दीड तास, कॅमेरा चालू. तपासणाऱ्याला उमेदवाराचं नाव दिसायचं नाही, आडनाव नाही, कॉलेज नाही. दिसायचा फक्त एक नंबर आणि त्या नंबराने लिहिलेला प्रोग्राम. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो वाटावा असंच ते काम होतं.

तिचे वडील दिगंबर आगाशे यांनी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांना हे सगळं ऐकायला आवडायचं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "पेपर कोण काढतं तुमचा?"

"मीच."

"दर वेळी नवा?"

"हो," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली. तेव्हा ते खरंही होतं.

बजरंग काळभोर त्या कंपनीत होता, पण कंपनीचा नव्हता. एका ठेकेदार संस्थेने पाठवलेल्या वीस-बावीस जणांपैकी तो एक. कंपनीच्या लोकांच्या गळ्यात निळी पट्टी, यांच्या गळ्यात पिवळी. रोज सकाळी ठेकेदाराच्या बसने तो लोणी काळभोरहून यायचा. वय एकोणतीस, बोलणं कमी. ग्राहकाच्या गोदामात काही अडलं की पहिला फोन याच्याकडे यायचा. एका दिवाळीच्या तोंडावर नाशिककडच्या एका गोदामात सगळं ठप्प झालं होतं. निळ्या पट्टीची चार हुशार माणसं दिवसभर डोकं खाजवत बसली, आणि याने दुपारच्या चहानंतर कारण शोधून काढलं. कुणीतरी यादीत एक रिकामा ट्रक टाकला होता, आणि ट्रक रिकामा असू शकतो हे कंपनीच्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हतं. त्याने एक ओळ घातली आणि गोदाम सुरू झालं. श्यामलाने ते पाहिलं होतं.

म्हणून एके दिवशी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हा तिला बरंच वाटलं.

"मॅडम, आम्हाला बसता येतं का त्या टेस्टला? पिवळ्या पट्टीवाल्यांना?"

"सगळ्यांना येतं."

"मग मी बसतो."

मार्चमध्ये तो बसला. पहिला प्रश्न सोडवला, दुसरा निम्मा झाला, तिसऱ्याला हात लावेपर्यंत वेळ संपला. तिसरा प्रश्न श्यामलाचा लाडका होता. इतके खोके, इतके ट्रक, कमीत कमी फेऱ्यांत माल कसा न्यायचा. निकाल लागल्यावर तो जिन्यात भेटला.

"मला वेळ लागतो मॅडम. एकदम सुचत नाही," तो म्हणाला. "पण तिसरा प्रश्न चांगला होता. आमच्या रोजच्या कामातलाच."

"सहा महिन्यांनी परत बसा."

"बसतो."

तिच्या मनात तेव्हा एक गोष्ट येऊन गेली होती. रोज जे काम तो करतो त्यात दीड तासाची घाई कधीच नसते. तिथे लागतो तो धीर, आणि तो याच्याकडे आहे. मग आपण नेमकं मोजतोय काय? पण एका माणसासाठी वेळ वाढवला तर परीक्षा सारखी राहिली कुठे, असं तिनेच स्वतःला उत्तर दिलं.

पुढचे सहा महिने धावपळीचे गेले. एक मोठा ग्राहक मिळाला आणि दिवाळीपूर्वी चाळीस नवी माणसं हवी झाली. तिचा साहेब अनंत देवधर रोज विचारायचा, किती झाली, किती राहिली. नवे प्रश्न काढायचे म्हणजे दोन आठवड्यांचं काम. काढायचे, पारखून घ्यायचे, चार जणांकडून सोडवून बघायचे. ते दोन आठवडे काही मिळाले नाहीत. या खेपेला तेच राहू देत, पुढच्या वेळी बदलू, असं तिने ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा ते राहून गेलं.

सप्टेंबरात बजरंग पुन्हा बसला. तिन्ही प्रश्न सोडवून त्याची वीस मिनिटं उरली.

दोन दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला. उमेदवारांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघणारी एक सोय त्या टेस्टमध्ये होती, आणि तिने बजरंगच्या नंबरापुढे लाल खूण केली होती. खूण आली की त्या नंबरामागचं नाव उघड व्हायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका उमेदवाराच्या उत्तराशी त्र्याण्णव टक्के जुळत होतं. तो उमेदवार चार दिवस आधी बसला होता. आधी लिहिलं ते मूळ आणि नंतर लिहिलं ती नक्कल, याहून सोपं काय असणार? श्यामलाने दोन्ही उत्तरं उघडून वरवर नजर टाकली. ओळीला ओळ लागत होती. तिला रागच आला. ज्याच्याविषयी आपल्याला चांगलं वाटत होतं त्याने आपल्याच परीक्षेत हे करावं, याचा राग. त्या रागात तिने आणखी काही पाहिलं नाही.

त्याला खोलीत बोलावलं तेव्हा एचआरची एक बाई होती आणि श्यामला होती.

"हे उत्तर तुमचं आहे?" एचआरच्या बाईने विचारलं.

"हो."

"दुसऱ्या एका उमेदवाराचं अगदी असंच आहे. ते तुमच्या आधीचं आहे."

बजरंगने श्यामलाकडे पाहिलं. "दाखवा बरं मला ते."

"दुसऱ्याचं उत्तर दाखवता येत नाही. गोपनीय असतं."

"मग मी काय बोलू? मला बघू तर द्या, काय सारखं आहे ते."

"तुम्हाला हा प्रश्न आधी माहीत होता का?"

"मार्चला हाच प्रश्न होता की."

एचआरच्या बाईने श्यामलाकडे पाहिलं, आणि श्यामलाने खाली पाहिलं. मग बाई म्हणाली, "प्रश्नाचं सोडा. उत्तर कुठून आणलंत?"

"डोक्यातून," बजरंग म्हणाला. "मॅडम, तुम्हाला माझं काम माहीत आहे. तुम्ही तरी बघा."

श्यामला म्हणाली, "रिपोर्ट सगळ्यांना सारखाच लागू असतो, बजरंग."

त्या आठवड्यातच ठेकेदाराने त्याला कामावरून काढून टाकलं. सोमवारी सकाळी फाटकावर त्याचं कार्ड लागेना. पहारेकऱ्याने दोनदा पुसून लावून पाहिलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. मागे लोणीहून आलेली बसभर माणसं रांगेत होती. ठेकेदाराच्या दप्तरात त्याच्या नावापुढे नोंद झाली, 'परीक्षेत नक्कल; सचोटीबाबत प्रतिकूल'. ती नोंद पुढे तो जिथे अर्ज करील तिथे विचारली की सांगितली जाणार होती.

ज्याचं उत्तर मूळ ठरलं त्याचं नाव श्रीनिवास. तो नोव्हेंबरात रुजू झाला, नेमका श्यामलाच्याच टीममध्ये. पोरगा गोड बोलणारा होता, चटपटीत होता. पण काम दिलं की अडायचा. सुरुवातीचे दिवस आहेत, असं सगळे म्हणाले.

जानेवारीत त्या मोठ्या ग्राहकाच्या गोदामात गाड्यांची आखणी पुन्हा बंद पडली. श्रीनिवास सकाळपासून त्यावर होता, दुपारी तो रडकुंडीला आला. श्यामला स्वतः बसली. नाशिकच्या वेळी काय केलं होतं ते पाहावं म्हणून तिने बजरंगचं जुनं काम उघडलं, आणि पहिल्या दहा ओळींतच ती थांबली.

ट्रकात उरलेल्या जागेला बजरंगने नाव दिलं होतं 'शिलक'. इंग्रजी अक्षरांत, एकाच 'एल'ने. प्रोग्राम लिहिताना अशी नावं ज्याची तो ठरवतो, आणि त्या कंपनीत सगळे ती इंग्रजीतूनच ठेवत. हा एकटाच मराठी शब्द वापरायचा, तोही चुकीच्या स्पेलिंगने. हे नाव आपण आणखी कुठे पाहिलंय?

तिने सप्टेंबरातली दोन्ही उत्तरं पुन्हा उघडली. 'शिलक' दोन्हीकडे होतं. चार दिवस आधीच्या, मूळ ठरलेल्या उत्तरातही. त्याच्या खालीच एक ओळ होती, ट्रक रिकामा आहे का ते तपासणारी. प्रश्नात स्पष्ट लिहिलं होतं की एकही ट्रक रिकामा नसेल. तिनेच लिहिलं होतं. तरीही ही ओळ घालावीशी वाटेल असा माणूस एकच होता, ज्याने नाशिकचं गोदाम बंद पडलेलं पाहिलं होतं.

तिने श्रीनिवासला बाजूला घेतलं.

"तिसऱ्या प्रश्नातलं शिलक म्हणजे काय?"

तो गांगरला. मग म्हणाला, "मॅम, ते मी नेटवर पाहिलं होतं. तयारी करताना. कुणाचं तरी पेज होतं, मराठीतून छान समजावलेलं. पाठ झालं होतं माझं. टेस्टमध्ये तोच प्रश्न आला, मी लिहिला. त्यात चुकीचं काय? सगळेच प्रॅक्टिस करतात."

त्याचंही पूर्ण चुकत नव्हतं.

ते पान त्याने शोधून दिलं. वर बजरंग काळभोरचं नाव आणि एप्रिलची तारीख. मथळा होता, 'मला दीड तासात न सुटलेलं'. खाली त्याने लिहिलं होतं की एका परीक्षेत हा प्रश्न आला, मला जमला नाही, घरी आल्यावर आठ दिवस बसलो तेव्हा सुटला. ज्यांना माझ्यासारखा वेळ लागतो त्यांच्यासाठी पायरी पायरीने लिहितो आहे. कंपनीचं नाव कुठेही नव्हतं. शेवटी तो प्रोग्राम होता, 'शिलक'सकट.

त्याने स्वतःचंच उत्तर पुन्हा लिहिलं होतं. आणि तिने प्रश्न बदलला नव्हता.

अनंत देवधरने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तू म्हणतेस की परीक्षेतला प्रश्न एप्रिलपासून नेटवर उघडा पडला होता."

"हो."

"आणि त्या परीक्षेतून आपण एकेचाळीस माणसं घेतली. ग्राहकाला सांगितलं की एकेक पारखून घेतलाय. आता त्यांना काय कळवायचं? पारखण्यात जरा गफलत झाली, बाकी ठीक आहे?"

"सर, एका माणसाला आपण चोर ठरवलंय."

"त्याने प्रश्न बाहेर टाकला. परीक्षेच्या अटींत मनाई आहे. अटी तूच लिहिल्यास, फार सुंदर लिहिल्यास."

"त्याने नक्कल केली नाही, सर. एवढं तरी ठेकेदाराला लिहून द्यायला हवं."

"लिहून काहीही द्यायचं नाही," अनंत म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुला वाईट वाटतंय ना, मग जाऊन भेट. चहा घे. पण कागद नाही."

घरी तिने वडिलांना सांगितलं. दिगंबरराव पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्यासमोर दोन्ही उत्तरं ठेवली होतीत?"

"नाही."

"आम्ही नववीतल्या पोराची कॉपी धरली तरी दोन्ही पेपर टेबलावर ठेवायचो. त्याच्यासमोर. मग विचारायचो. कित्येकदा आमचंच चुकलेलं निघायचं."

शनिवारी ती लोणी काळभोरला गेली. हमरस्त्यावरून आत वळल्यावर तिने दोन ठिकाणी घर विचारलं. दुसऱ्या ठिकाणी सांगणाऱ्याने नाव ऐकून विचारलं, "कंपनीतला का? काढून टाकलेला?"

बजरंगचे वडील दत्तोबा ओट्यावर बसले होते. तिने नाव आणि कंपनी सांगितल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, खुर्ची आणायला लावली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"त्यानं चोरी काय केली, तेवढं सांगा. पैशाची हाय का मालाची? त्यो सांगत न्हाय. म्हनतो, तुमाला कळायचं न्हाय. बसमधली पोरं म्हनत्यात चोरी केली. हितं चार घरं सोडून सर्जेराव हाय, त्याचा पोरगा याच बसमध्ये असायचा. त्यानं सगळ्या आळीत सांगितलं. आता माझ्या घरात बाहेरची कवडी आली न्हाय, आन् चोरी कशाची म्हनायची?"

उत्तराची, असं म्हणावं तर ते उत्तरही त्याचंच होतं. ती म्हणाली, "त्यांनी चोरी केली नाही, काका. आमची चूक झाली."

"मग तसं सांगा की तिकडं."

"तेच सांगायला आलेय."

"हितं नव्हं. तिकडं," दत्तोबा म्हणाले.

बजरंग कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानात बसत होता. मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायचे, दाखले छापून द्यायचे. दुकान दुसऱ्याचं, हा फक्त तिथला कॉम्प्युटर चालवायचा. श्यामलाला पाहून तो उठला नाही. समोर एक मुलगी फॉर्मसाठी उभी होती, तिचं काम त्याने सावकाश पुरं केलं, आईचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग बाहेर आला.

श्यामलाने सगळं सांगितलं. 'शिलक', रिकामा ट्रक, ते पान, श्रीनिवास. तो रस्त्याकडे बघत ऐकत होता.

"शिलक," तो म्हणाला. "मला तेव्हा दाखवलं असतं तर एका मिनिटात ओळखलं असतं."

"हो."

"मी मागितलं होतं. दोनदा."

"हो. माझं चुकलं. प्रश्नही मी बदलायला हवा होता."

"मी चार कंपन्यांत अर्ज केले मॅडम. तीन ठिकाणी टेस्ट पास झालो. म्हणजे वेळेत. सवय केली मी वेळेची. मग ते जुन्या ठिकाणी चौकशी करतात, आणि तिथून पुढे फोन येत नाही." त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हे आता तुम्ही मला सांगितलंत ते लिहून द्या. ठेकेदाराला द्या, मला एक प्रत द्या. बाकी काही नको."

श्यामला म्हणाली, "कंपनीने लेखी द्यायला मनाई केली आहे. पण कुणाचा फोन आला, तर मी तोंडी नक्की..."

"तोंडी तर मीही सांगत होतो," बजरंग म्हणाला आणि आत गेला.

रविवार तिने घरी काढला. सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन तिने पत्र लिहिलं. मोठं नव्हतं. प्रश्न सहा महिन्यांत बदलला नव्हता, ती जबाबदारी माझी होती. संशयित उत्तर उमेदवाराचं स्वतःचंच, एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेलं आहे. आधीच्या उमेदवाराने ते तिथून घेतलं. चौकशीत उमेदवाराला पुरावा दाखवला गेला नाही. नक्कल झालेली नाही. खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला आणि ठेकेदाराला, एचआरला आणि अनंतला एकदमच पाठवून दिलं. पाठवल्यावर तिला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही.

अनंतने तिला बोलावलं नाही. दुपारी एचआरकडून मेल आली की भरतीचं काम तिच्याकडून काढून घेतलं आहे, आणि प्रकरण समितीपुढे ठेवलं आहे. समिती म्हणजे तीन माणसं. त्यांनी महिनाभर घेतला. श्रीनिवासला एकदा बोलावलं, श्यामलाला एकदा. बजरंगला बोलावलं नाही, कारण तो आता कंपनीशी संबंधित नव्हता.

समितीचा निर्णय दीड पानाचा होता. नक्कल सिद्ध होत नाही, असं पहिल्या परिच्छेदात म्हटलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की उमेदवाराने परीक्षेतला प्रश्न जाहीर केल्याचं मात्र निःसंशय सिद्ध होतं, आणि तेच या सगळ्याचं मूळ आहे. ठेकेदाराच्या दप्तरातली नोंद बदलण्यात आली. 'परीक्षेत नक्कल' खोडून तिथे 'गोपनीयतेचा भंग' लिहिण्यात आलं. 'सचोटीबाबत प्रतिकूल' हे तसंच राहिलं. श्रीनिवास परीक्षा उत्तीर्ण झालेला असल्याने त्याच्याबाबत काही करण्याचं कारण नाही, असं शेवटी होतं.

ज्या कागदावरून त्याची बाजू कळावी म्हणून तिने लिहिलं, त्याच कागदातली एप्रिलची तारीख त्यांनी त्याच्यावर लावली होती. हे पत्र नसतं तर ते पान समितीपुढे आलंही नसतं.

दोन दिवसांनी बजरंगचा मेसेज आला. 'ठेकेदाराने कळवलं. आता नक्कल नाही, फितुरी आहे. बाबांना यातलं कोणतं सांगू?' तिने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ते पान तिने पुन्हा उघडून पाहिलं. त्याने ते काढून टाकलं होतं.

तिच्या जागी भरतीसाठी दुसरा माणूस आला. त्याने प्रश्न बदलले आणि वेळ सव्वा तासावर आणला. ज्याच्यावर लाल खूण येईल त्याला त्याविरुद्ध काय पुरावा आहे तो दाखवावा, असं तिने त्याला लिहून सुचवलं. त्याने नम्रपणे कळवलं की सूचनेची नोंद घेतली आहे.

मार्चमध्ये ती पुन्हा लोणी काळभोरला गेली. पत्राची एक प्रत घेऊन, आणि खाली तिने स्वतःच्या हाताने त्याचं मराठी केलं होतं. बजरंग दुकानात होता. तिने कागद पुढे केला. त्याने वरच्या दोन ओळी वाचल्या.

"याचा आता कुठे उपयोग नाही," तो म्हणाला. रागाने नाही. "घरी द्या. बाबा विचारत असतात."

दत्तोबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग तिला म्हणाले, "थांबा जरा." आणि पायात चपला घालून बाहेर पडले. परत आले ते सर्जेरावाला आणि आणखी दोघांना घेऊन. चौघे ओट्यावर बसले. दत्तोबांनी कागद तिच्या हातात दिला.

"ह्या मोठ्या मॅडम हायती," ते म्हणाले. "त्यांच्याच हाताखाली होता त्यो. वाचा बाई."

श्यामलाने वाचलं. प्रश्न मी बदलला नव्हता. उत्तर त्यांचं स्वतःचं होतं. त्यांना पुरावा दाखवला नाही. नक्कल झालेली नाही. चूक माझी आहे. आजवर तिने सभांतून, मोठमोठ्या ग्राहकांपुढे पुष्कळ वाचून दाखवलं होतं. इथे ती दोनदा अडखळली.

वाचून झाल्यावर सर्जेराव म्हणाला, "मंग आता परत घेनार का त्याला?"

"नाही."

"का?"

"कंपनी घेणार नाही. त्यांनी दुसरं कारण लावलंय."

"कंचं?"

श्यामला सांगू लागली. परीक्षेतला प्रश्न घरी येऊन सोडवला आणि इतर मुलांना समजावा म्हणून लिहून ठेवला, तो गुन्हा धरला. सांगताना तिलाच ते कसं ऐकू येतंय हे कळत होतं. सर्जेराव डोळे बारीक करून ऐकत राहिला.

"म्हंजी शिकवलं म्हनून," तो म्हणाला. मग दत्तोबांकडे न बघता उठला. "मला काय ठावं? माझ्या पोरानं सांगितलं ते मी बोललो." उरलेले दोघेही थोड्या वेळाने काहीतरी कामाचं निमित्त सांगून गेले.

ओट्यावर ती आणि दत्तोबा राहिले. आतून कुणी चहा आणून ठेवला, तो तसाच निवत होता. दत्तोबा समोर रिकाम्या रस्त्याकडे पाहत होते.

"बाई, तुमी वाचलं ते मला समदं कळलं न्हाय," ते शेवटी म्हणाले. "येवडी मानसं बसली व्हती, माझं ध्यान त्यांच्याकडंच. आता परत एकदा वाचा. सावकाश वाचा."

श्यामलाने कागद पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.